दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाशी लग्न करू नये, असं पडदेताईंचं ठाम मत होतं, आणि हे मत त्यांनी तसं लग्न करूनच बनवलं होतं. मास्तरांच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. शिकाऊ माणूस विजेच्या खांबाला भेटायला निघाल्यासारखा निघाला, की मास्तर जांभई देत देत आपला ब्रेक दाबत. वर्षानुवर्षं दाबून त्या पायाला वळणच पडलं होतं. घरी जेवताना ताई जरा भरभर बोलू लागल्या, की टेबलाखाली मास्तरांचा चवडा फरशीवर दाबला जायचा. त्यांना स्वतःला याचा पत्ताही नसायचा.

पडदेताई घरीच मशीनवर पडदे शिवायच्या, म्हणून सगळे त्यांना पडदेताई म्हणत. त्यांच्या आजाराला डॉक्टरांनी बायपोलर असं नाव सांगितलं होतं. घरात मात्र ते नाव निघत नसे, कारण मास्तरांची थोरली बहीण त्याचा उच्चार ‘बायकोपोलर’ असा करायची आणि मग मास्तर दिवसभर तोंड पाडून बसायचे. ही बहीण, म्हणजे ताईंच्या वन्सं, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या होत्या, आणि त्यांचं ऐकणं आणि बोलणं दोन्ही खात्यातच राहिलं होतं. तेव्हा घरात मास्तरांचीच भाषा चाले. मन सुसाट सुटलं की चढ, मन बसलं की उतार, आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे साधायचं तो सपाट रस्ता.

मागचा मोठा चढ लागला तेव्हा ताईंनी कुणी न सांगता आख्ख्या गल्लीला पडदे शिवले होते. खिडक्या संपल्यावर शेजाऱ्यांच्या फ्रिजला शिवला, टपालपेटीला शिवला, समोरच्या सलूनवाल्याच्या आरशालाही झालर लावून शिवला. तिथली गिऱ्हाइकं बरेच दिवस पडदा सरकवून आपलं तोंड बघत होती. त्याच्यामागून उतार आला. ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या, आणि दात घासायला उठणं म्हणजेसुद्धा डोंगर उचलणं झालं. चढाचे किस्से घरात हसत हसत सांगितले जात. उताराबद्दल विनोद करणं अजून कुणाला जमलेलं नव्हतं.

त्यानंतर बराच काळ रस्ता सपाट होता. आणि अशा एका दुपारी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी ताईंना बोलावून रंगमंचाचा फाटका पडदा दाखवला. पडद्याला ठिकठिकाणी इतकी भोकं होती, की नाटक सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षकांना राजा दिसे आणि तो पायमोजे चढवत असे.

“नवीन शिवाल का? सकाळपर्यंत सांगा,” व्यवस्थापक म्हणाले. “नाही म्हणालात तर दुसरं कुणी बघतो.”

ताई हरखल्या. आयुष्यभर मोरी आणि माजघराच्या खिडक्या झाकल्या, आता हे. रस्त्यात त्या चक्क गुणगुणू लागल्या, आणि घराच्या कोपऱ्यावर येताच गप्प झाल्या. गुणगुणणं म्हणजे चढाची पहिली खूण, असं घरात ठरलेलं होतं. हसऱ्या तोंडाने आत शिरलं तर मास्तरांचा पाय खाली जाणार आणि पडद्याचं घोडं तिथेच पेंड खाणार. तेव्हा ताईंनी ठरवलं, की आत्ता अगदी थंड राहायचं आणि जेवणं झाल्यावर शांतपणे विषय काढायचा.

त्या घरात शिरल्या आणि चप्पल नीट लावून खुर्चीवर बसल्या.

“कुठे गेली होतीस?” मास्तरांनी विचारलं.

“बाहेर,” ताई म्हणाल्या.

“काही झालं का?”

“काही नाही.”

मास्तरांनी वन्संकडे बघितलं. वन्संनी मास्तरांकडे बघितलं. साप समजून भुई धोपटायला एवढं पुरेसं होतं.

“उतार,” वन्सं कुजबुजल्या. त्यांची कुजबुज पलीकडच्या इमारतीत ऐकू जायची.

मग त्या दोघांनी ताईंना वर काढायचा चंगच बांधला. वन्संनी चहा केला, आणि ताई तो पिईपर्यंत दुसरा केला. मास्तरांनी एका शिकाऊ बाईंनी वायपर चालू करून गाडी थांबवायचा कसा प्रयत्न केला ते साभिनय सांगितलं. ताईंनी ओठ आवळून धरले. मास्तरांना वाटलं, विनोद कमी पडला. त्यांनी टेबलावरचा रुमाल डोक्याला गुंडाळला आणि त्या बाई गाडीतून उतरून गाडीलाच कशा ओरडल्या ते दाखवत ते खोलीभर फिरले. तेवढ्यात वन्सं तिसरा चहा घेऊन आल्या आणि रुमालातल्या भावाला बघून म्हणाल्या, “आपण कोण बोलताय?”

ताईंचा बांध फुटला. त्या हसल्या, खुर्चीवरून घसरल्या, जमिनीवर बसून हसल्या, आणि थांबतायत असं वाटेपर्यंत पुन्हा सुरू झाल्या. मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. रुमाल डोक्यावर तसाच होता आणि पाय फरशीवर रुतला होता.

“उतारावरून थेट चढ,” ते म्हणाले. “मधे गिअरसुद्धा बदलला नाही.”

“डॉक्टरांची लाइन जोडते,” वन्सं म्हणाल्या.

फोन स्पीकरवर टेबलाच्या मधोमध ठेवला गेला. डॉक्टरांनी विचारलं, “झोप कशी आहे?”

“नीट वाटत नाही,” मास्तर म्हणाले. “झोपाळा ना? जरा हालतो,” वन्सं म्हणाल्या.

“मी त्यांना विचारलं,” डॉक्टर म्हणाल्या.

“पुरेशी आहे,” ताई म्हणाल्या. “रोजच्या वेळेला झोपते. गोळ्या चालू आहेत. डोक्यात एकच काम आहे, दहा नाहीत. नाट्यगृहाने पडदा शिवायला बोलावलंय.”

“मग हसत का होतात?”

“यांनी डोक्याला रुमाल बांधलाय.”

फोनमधून काही क्षण नुसता घसा खाकरल्याचा आवाज आला. “आनंद झालाय तुम्हाला,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याच्यावर माझ्याकडे गोळी नाही. झोप बिघडली तर लगेच कळवा, आणि काम असेतो दर आठवड्याला येऊन भेटा.”

फोन बंद झाल्यावर मास्तरांनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “एवढा मोठा पडदा,” ते म्हणाले. “एवढी धावपळ. त्यातून पुन्हा चढ लागला तर?”

“लागेलही,” ताई म्हणाल्या. “अहो, मलाही भीती वाटते. इतरांचा आनंद दारातून सरळ आत येतो. माझ्याकडे आला, की मी आधी उंबऱ्यावर त्याची चौकशी करते, बाबा रे, तू माझा की आजाराचा? फार दमायला होतं. पण प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणायचं असेल, तर मग मी बरी झाले कशासाठी?”

“तसं नाही गं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसलं, की लक्ष ठेवावंच लागतं.”

“मी शिकायला आलेली नाही. गाडी माझी आहे.” ताई म्हणाल्या. “तुम्ही शेजारी बसाच. तुम्ही नसतात तर मी त्या भिंतीशीच राहिले असते. पण नुसते बसा ना. दिवेलागणीला मशीन मी बंद करीन. झोप गेली तर मीच आधी सांगेन.”

मास्तरांचे डोळे ओले झाले होते आणि ते लपवायला हातात रुमाल असूनही त्यांना सुचलं नाही.

“लाइनवर आहेस ना रे?” वन्संनी विचारलं.

“आहे,” मास्तर म्हणाले. “शिव. सकाळी त्यांना हो म्हणून सांग.”

मग घरात मखमल आली, आणि घर तिच्यात बुडालं. पलंग गेला, टेबल गेलं, एकदा तर टाके घालता घालता वन्संच आत गेल्या, आणि बराच वेळ मखमलीतून “हॅलो, हॅलो” ऐकू येत राहिलं. मधे दोन रात्री ताईंना झोप लागली नाही. त्यांनी कबूल केल्याप्रमाणे ते स्वतःच सांगितलं, डॉक्टरांनी गोळी जरा बदलली, आणि मशीन चार दिवस बंद राहिलं. व्यवस्थापकांनी आकांडतांडव केलं, मग ते आपोआप शांत झाले. पडदा पुरा झाला.

पहिल्या प्रयोगाला तिघं पुढच्या रांगेत बसले. दिवे मंदावले, पडद्यावर प्रकाश पडला आणि लोक हातातल्या पिशव्या सोडून बघत राहिले. ताईंनी श्वास रोखला. मास्तर त्यांच्या कानाशी वाकले.

“डावीकडची दुमड जरा वर गेलीये का गं?”

“काय?”

“त्या कोपऱ्यात. बोटभर.”

ताईंना ऐकू आलं त्यावर विश्वास बसेना. आजारानंतर मास्तर त्यांच्या प्रत्येक शिवणीला ‘छान’ म्हणत आले होते, पेशंटशी बोलायच्या आवाजात. एकदा ताईंनी चुकून एक पडदा उलटा शिवला होता, तोही छान होता.

“तिथली फळीच तिरकी आहे,” ताई म्हणाल्या.

“फळी कशी तिरकी असेल? नाटकवाले घसरले असते.”

“चष्मा बदला तुम्ही.”

“रस्त्यावर गाड्या शिकवतो मी. नजर शाबूत आहे माझी.”

“परवा कचराकुंडीला कोण धडकलं?”

“तो शिकाऊ होता.”

“गाडीत तुम्ही एकटेच होतात.”

मागून कुणीतरी शू केलं. ताईंचे कान तापले होते. इतका मनस्वी राग त्यांना कित्येक दिवसांत आला नव्हता, आणि मास्तर घाबरत नव्हते, आवाज मऊ करत नव्हते, आपलंच खरं करत होते, जसं लग्नाच्या पहिल्या वर्षी करायचे. ताईंना रडू फुटलं. मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते मान वाकडी करून पडद्याचा कोपरा बघत होते.

“बोटभर नाही,” ते म्हणाले, “दोन बोटं.”

“तोंड मिटा,” ताई डोळे पुसत म्हणाल्या, “नाहीतर घरी चला, दाखवते.”