बत्ताशांची घरं आणि माझा काठ

मी एक जुनी पितळी परात आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच मोडीच्या भावाचा विचार करू नका, माझं वजन अजून भल्याभल्यांना उचलत नाही. काठावर बघा, ‘चि. सौ. कां. नागम्मा’ असं कोरलेलं आहे. सोलापूरच्या तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. तेव्हा कान बधिर झाले होते, पण अशी गोल, देखणी झाले म्हणून सांगू!

नागम्माच्या लग्नात तिच्या मामानं मला दिलं आणि मी तिच्याबरोबर सोलापूरच्याच शुक्रवार पेठेत नांदायला आले. रोज ज्वारीचं पीठ माझ्या पोटात मळलं जायचं. कल्हई केली की मी आरशासारखी चमकायचे. पाहुणे भाकरीचं कौतुक करायचे आणि ते अर्धं माझंच आहे असं मी समजायचे. घरामागच्या अरुंद बोळात बसून नागम्मा मला चिंचेनं घासायची. त्या बोळात दगडी गटार होती. साऱ्या आळीचं पाणी तिच्यातून गुपचूप निघून जायचं. तेव्हा मला त्या बोळाची किंमत कळली नव्हती.

मग घरात स्टीलची परात आली. हलकी, उथळ आणि आवाज करणारी! नागम्माचे हात दुखायला लागले होते, म्हणून मला माळ्यावर ठेवलं. वर्षानुवर्षं मी उपडी पडून होते मित्रांनो. पोटाखाली अंधार आणि पाठीवर धूळ. मला फार वाईट वाटायचं. खालून भाकरीचा वास आला की तर फारच.

एके दिवशी गुरुलिंगनं मला खाली काढलं. गुरुलिंग हा नागम्माचा मुलगा. सात रस्त्याजवळच्या एका प्रशिक्षण संस्थेत तो शिकवतो. मोकळ्या जमिनीचे प्लॉट पाडायचे तर रस्ते कुठून न्यायचे, गटार कुठं, बाग कुठं, पाण्याचा नळ कुठून, हे सगळं बारीकसारीक आखायला तो मुलांना शिकवतो. त्याला लेआउट म्हणतात.

“माझी लग्नातली परात कुठं निघाली?” नागम्मानं विचारलं.

“शाळेत, अव्वा.”

“या वयात?” ती म्हणाली. मला हसूच आलं.

संस्थेत गेल्यावर गुरुलिंगनं माझ्या पोटात काळी माती भरली. अरे देवा! जिथं पीठ मळलं तिथं माती! पण पुढं त्यानं जे केलं ते पाहून माझा राग पळाला. मातीला त्यानं खऱ्या जमिनीसारखा उतार दिला, मुलांनी कागदावर आखलेले रस्ते चमच्यानं कोरले आणि प्रत्येक प्लॉटवर एक पांढराशुभ्र बत्तासा ठेवला. बत्तासा म्हणजे घर. मग उंच बाजूनं तांब्याभर पाणी ओतलं. ज्याच्या आराखड्यात पाणी चुकलं, त्याची घरं विरघळली. कोरडे राहिलेले बत्तासे ज्याचे त्यानं खायचे. मुलं आराखड्याला घाबरायची नाहीत इतकी मला घाबरायला लागली. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

या मुलांत एक महेश्वरी होती. दुधनीची. तिच्या वडिलांचं तिथं किराण्याचं दुकान आहे. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि हात असा की रेघ मारली तर बघत राहावं. पण वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात तिच्या नावापुढं ‘अद्याप सक्षम नाही’ असा शेरा आला. या परीक्षेत मार्क नसतात. हे काम तुमच्या हाती सोपवता येईल की नाही, एवढंच बाहेरून आलेले परीक्षक ठरवतात. वडील म्हणाले, “अजून एकदा बस. न्हाय झालं तर दुकानात बस.” महेश्वरीला दुकानात बसायचं नव्हतं. तिला जमिनीवर गावं आखायची होती.

“सर, माझं काय चुकलं?” ती रडवेली होऊन म्हणाली. “रस्त्याची रुंदी बराबर हाय, बाग हाय. आन् एक बी प्लॉट दक्षिणेकडं तोंड करून न्हाय. आमच्याकडं दक्षिणमुखी प्लॉट कोण घेतंय?”

“आपल्याकडं सगळे तेच बघतात की,” गुरुलिंग म्हणाला. “चल, ओतून बघू.”

तिचा आराखडा माझ्या मातीत उतरला. दक्षिणमुखी प्लॉट टाळायचे म्हणून सगळे रस्ते उत्तर-दक्षिण गेले होते. घरांच्या रांगा पाठीला पाठ लावून उभ्या. एका रांगेचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. दिसायला झकास! पण जमीन पूर्वेला उंच होती. पाणी ओतलं, ते वरच्या रांगेच्या परसातून उतरलं आणि खालच्या रांगेच्या पाठीशी जाऊन तुंबलं. त्याला वाटच नव्हती. खालची अख्खी रांग माझ्या डोळ्यांदेखत चिखलात विरघळली. महेश्वरीनं त्या चिखलात बोट घालून बघितलं.

त्या दिवशी मला धुवायला तीच घरी घेऊन आली. नागम्मानं तिला मागच्या बोळात नेलं. मला घासता घासता पोरीचा हात थांबला. बादलीतलं पाणी दगडी गटारीतून कसं सुळकन निघून गेलं ते ती बघत होती. तिनं पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा ओतलं.

“यव्वा, नळाला पाणी कधीतरी येतंय!” नागम्मा ओरडली.

“आजी, ह्या बोळाच्या दोनी बाजूला घरांच्या पाठीच हाईत की!” महेश्वरी हरखून म्हणाली. “दोन पाठींच्या मधी हा बोळ!”

“मग काय बोळात दार काढतात होय?” नागम्मा म्हणाली. पण पोरगी केव्हाच मला अर्धवट घासून ठेवून कागद शोधायला पळाली होती. माझ्या एका कडेला माती तशीच राहिली. त्याबद्दल मी तिला माफ केलं.

दुसऱ्या मूल्यमापनाला भीमाशंकर नावाचे परीक्षक आले. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट आणि कपाळावर आठ्या. या वेळी जमीन वेगळी होती, उतारही वेगळा. महेश्वरीनं आधी उतार बघितला आणि मगच पहिली रेघ मारली. घरांची तोंडं लोकांना हवी तशी ठेवली आणि दोन रांगांच्या पाठींमध्ये गटारीचा बोळ सोडला. आराखडा छापून दिला. जेवणाच्या सुट्टीत तिनं माझ्यात माती भरली, तोच आराखडा कोरला आणि बत्तासे मांडले. तोंडी परीक्षेला ती मला कवेत घेऊन आत गेली. तिचं काळीज माझ्या काठावर धडधडत होतं.

“हे काय, नैवेद्य?” भीमाशंकर सरांनी विचारलं.

“लेआउट हाय साहेब.”

ते हसले नाहीत. आराखड्यावर बोट ठेवून म्हणाले, “या बोळापायी दोन प्लॉट कमी झाले. जागेचा मालक विचारेल, माझे प्लॉट कुठं गेले?”

“दोन प्लॉट गेले साहेब, पर अख्ख्या रांगेचा पाया वाचला. बोळ न्हाय सोडला तर पाणी लोकांच्या भिंतीत जाईल.”

“बघूच,” ते म्हणाले. महेश्वरीनं तांब्या पुढं केला. तो बाजूला सारून त्यांनी कोपऱ्यातली बादलीच उचलली. “आपल्याकडं पाऊस येत नाही येत नाही म्हणतात, आणि आला की तासाभरात सगळं आणून टाकतो.”

आणि त्यांनी बादली ओतली हो!

पाणी धावलं. रस्त्याकडेनं गेलं, बोळात शिरलं, बोळातून वळून खालच्या कोपऱ्याकडं निघालं. एकही घर भिजलं नाही. शाब्बास पोरी, असं मी म्हणणार, तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात पाणी साचायला लागलं. त्याला पुढं जाता येईना. का? तर माझा काठ! ज्या काठाची मी जन्मभर मिरवणूक काढली, तोच काठ पाणी अडवून बसला होता. पाणी चढत चढत शेवटच्या बत्ताशापाशी पोचलं. आता माझ्यामुळं ही पोर दुकानात बसणार, या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महेश्वरीनं क्षणभर बघितलं. मग दोन्ही हातांनी माझी वरची कड धरली आणि मला त्या कोपऱ्याकडं कलतं केलं. सगळं गढूळ पाणी भसकन काठावरून बाहेर गेलं. थेट परीक्षकांच्या बुटांवर.

दारात उभ्या असलेल्या गुरुलिंगनं डोळे मिटून घेतले.

“साहेब,” महेश्वरी म्हणाली. “परातीला काठ हाय, रानाला न्हाय. ह्या कोपऱ्यातनं पाईप टाकलाय. पुढं मोठ्या रस्त्याचा नाला हाय, त्याला मिळतोय. आराखड्यात दाखवलाय बघा.”

भीमाशंकर सरांनी ओल्या बुटांनिशी आराखडा जवळ ओढला. पाईप शोधला. त्याचा उतार तपासला, नाल्याची खोली तपासली. मग वाकून माझ्यातले बत्तासे एकेक करून बोटानं चाचपले. सगळे कोरडे.

“घरं वाचली,” ते म्हणाले. “बूट तुझ्या आराखड्यात नव्हते, त्यामुळं त्याची तक्रार नाही.” आणि त्यांनी तिच्या नावापुढं लिहिलं, ‘सक्षम’. लिहून झाल्यावर एक बत्तासा उचलून तोंडात टाकला. तेव्हा कुठं त्यांच्या आठ्या गेल्या.

संध्याकाळी महेश्वरी उरलेले बत्तासे घेऊन नागम्माकडं आली. पाया पडली. नागम्मानं बत्तासा चघळत तिच्या गालावरून हात फिरवला. “छलो आद, छलो आद,” म्हणाली. छान झालं, छान झालं.

गुरुलिंग मात्र घुटमळत होता. “अव्वा, एक विचारू? परातीच्या काठाला एक खाच पाडली तर पाण्याला वाट होईल. पण मग तिच्यात पुन्हा पीठ मळता येणार नाही.”

माझ्या अंगावर काटा आला. खाच पडलेलं भांडं थेट मोडीत जातं, हे आम्हा भांड्यांना ठाऊक असतं. नागम्मानं माझ्या काठावर कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं. तिच्या मामानं दिलेलं आता एवढंच उरलं होतं.

“पाड,” ती शेवटी म्हणाली. “पण माझ्या नावाला धक्का लावू नको.”

तांबटानं खाच पाडली. दुखलं, नाही कशाला म्हणू? पण मी मोडीत गेले नाही मित्रांनो, वर्गात गेले. दर वर्षी नवी मुलं माझ्यात गावं वसवतात, चुकतात, पुन्हा वसवतात. महेश्वरी आता सात रस्त्यावरच्या एका कचेरीत खरे लेआउट आखते आणि सवड मिळाली की मुलांना बत्तासे घेऊन येते.

तुमच्या माळ्यावर माझी कुणी बहीण उपडी पडली असेल, तर तिला एकदा खाली काढा. अजून ती कशाला उपयोगी पडेल, ते तिला तरी कुठं ठाऊक असतं! आणि कधी घर बांधायला निघालात, तर दार कुठल्या दिशेला ते खुशाल बघा, पण त्याआधी पाणी कुठं जाणार ते विचारा. माझ्यातून आता ते नागम्माच्या नावाशेजारून जातं, आणि नाव अजून तसंच चमकतं.