आजार खाणारं कपाट

दिव्याखाली ठेवलेल्या खणाकडे दीडशे माणसं तोंड करून बसली होती. बघत मात्र कुणीच नव्हतं, कारण कपाटबाबांनी सगळ्यांना दहा मिनिटं डोळे मिटायला लावले होते. भिंतीला टेकून चाळीस खणांचं कपाट उभं होतं, एखाद्या बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातून उचललेलं. त्यातला एक खण टेबलावर काढून ठेवलेला, त्यावर भल्यामोठ्या बल्बचा प्रकाश, आणि बाबांचा खर्जातला आवाज.

"कपाट बोलत नाही, कपाट खातं. तुम्ही दुःख वाढा, ते जेवेल. उघडा डोळे."

निवृत्त पोस्टमास्तर पुढे झाले. एकवीस दिवसांपूर्वी त्यांनी ह्याच खणात 'गुडघेदुखी' अशी चिठ्ठी पुरून वर भाज्यांची सालं पसरली होती. आता ना चिठ्ठी, ना सालं. नुसती काळी, भुसभुशीत माती.

"चिठ्ठी कुठंय?"

"नाही दिसत, बाबा."

"खाल्लं ते संपलं. चाला."

पोस्टमास्तर चालले. आले होते तसेच लंगडत चालले, पण टाळ्या इतक्या कडकडल्या की लंगडणं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

चौथ्या रांगेत थोरली जाऊ मांडीवर झाकणाची बादली घेऊन बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही. शेजारी धाकटी जाऊ बसली होती आणि पुढचा खण तिचा होता. धाकटीच्या छातीत गाठ लागली होती. डॉक्टरांनी सुई घालून तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली, तारीखही दिली. धाकटीनं ती चिठ्ठी नेऊन खणात पुरली आणि तारीख गेली.

थोरली रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. रोज पोतंभर सालं निघायची. तिथल्या माळीदादानं त्यातून खत करायचं वेड तिच्या डोक्यात भरवलं. घरी बादली ठेवा म्हणाला. झाकणाला भोकं पाडा, तळाला ओल्या पुठ्ठ्याचे तुकडे घाला, वर माती, आणि ही घ्या ओंजळभर तांबडी गांडुळं. पहिल्याच आठवड्यात थोरलीनं हौसेनं रोग्यांच्या रसासाठी पिळलेल्या संत्र्यांची सालं अर्धी बादली भरून ओतली. सकाळी बघते तर सगळी गांडुळं बादलीच्या कडांवरून चढून झाकणाला लोंबलेली.

"अहो, ताई, त्यांचं अंग भाजतं," माळीदादा ओरडला. "आंबट नको, कांदा-लसूण नको, मीठ-तेल नको. बारीक चिरून घाला. ओलसर ठेवा, चिखल नको. आणि सारखं झाकण उघडून बघत बसू नका, उजेडाला घाबरतात ती."

म्हणून धाकटी पहिल्यांदा तिला ह्या सभागृहात घेऊन आली तेव्हा भिंतीवरचा नियमांचा फलक वाचून थोरलीला आधी हसूच आलं. लिंबू-संत्रं वर्ज्य. कांदा-लसूण वर्ज्य. मीठ, तेल वर्ज्य. नैवेद्य बारीक चिरलेला असावा. माती ओलसर असावी, निथळू नये. अंधार मोडणाऱ्याचा आजार दुप्पट होतो. शेवटचं सोडलं तर सगळं माळीदादाचंच.

"अगं, हा देव आहे की माझी बादली?"

"तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते, ताई. एकवीस दिवस थांबा. चिठ्ठी गेली की गाठ गेली."

"आणि गाठ राहिली तर?"

 धाकटी हळूच म्हणाली, "सुई टोचून त्यांनी तेच सांगितलं तर मी काय करू?"

थोरलीचं हसू गेलं. ही बाई मूर्ख नव्हती, घाबरलेली होती. आणि असली कपाटं भीतीवरच पोसली जातात. थोरलीनं दिराला सांगून पाहिलं. भाऊजी म्हणाले, तिची श्रद्धा आहे, आपण मध्ये कशाला पडा. बायकोच्या जिवावर बेतलं असताना पुरुषाला सुचलेलं हे शहाणपण. धरून नेता येईना, तेव्हा थोरलीनं त्याच दिवशी आपल्या बादलीत एक चिठ्ठी पुरली.

आता बाबांनी धाकटीचा खण दिव्याखाली ठेवला. दहा मिनिटं डोळे मिटले गेले. थोरलीचे उघडेच होते. बाबा मधूनच बोटानं मातीचा थर सारखा करत होते.

"उघडा डोळे. मुली, तुझी चिठ्ठी कुठंय?"

धाकटी वाकून बघत होती. "नाही."

"गाठ विरली. आता सुया नाहीत, कापाकापी नाही."

टाळ्या सुरू व्हायच्या आत थोरली बादली घेऊन टेबलापाशी गेली. "बाबा, माझीपण चिठ्ठी बघता का? एकवीस दिवस झाले. घरीच पुरली होती."

"घरी कपाट नाही, बाई."

"बादली आहे. काय लिहिलं होतं विचारा."

बाबांनी विचारलं नाही. मागून कुणीतरी विचारलं.

"नवऱ्याचं घोरणं," थोरली म्हणाली आणि झाकण काढून बादली पुढच्या रांगेसमोर फिरवली. "चिठ्ठी बघा, गेली. घोरणं ऐकायचं तर घरी या."

हशा पिकला. बाबाही हसले. "बाई, चेष्टेला कपाट फळत नाही."

"पण खातं तर आहेच. माझं काय खातं ते मला ठाऊक आहे. तुमचं कोण खातं? खण उपडा करा."

"माती उलटली की आजार उलटतो." बाबांचा आवाज चढला. "हिच्या जिवाचं बरंवाईट झालं तर पाप कुणाला?"

 थोरलीनं खणाला हात लावला नाही. ती धाकटीकडे वळली. "खण तुझा, चिठ्ठी तुझी, जीवही तुझाच. एवढंच सांग, गाठ आहे की गेली? तुझा हात तुला खोटं सांगणार नाही."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आहे," ती म्हणाली. "आज सकाळीही होती. मला वाटलं, खण उघडल्यावर जाईल." तिनं खण उचलला आणि टेबलावर पालथा घातला.

वरची माती खाली गेली आणि तळ वर आला. ओल्या पुठ्ठ्याच्या चिंध्या, आणि त्यांत मुठीएवढा तांबडा, वळवळणारा गुंता. उजेड पडताच तो सुटला आणि गांडुळं अंधार शोधत चहूकडे पळाली.

"हे देवाचे दूत आहेत," बाबा म्हणाले. न गडबडता म्हणाले, हे मान्य केलं पाहिजे.

"असतील. मग दूतांना लिंबू का चालत नाही?" थोरलीनं विचारलं. "दिवा लावला की दूत बुडी मारतात, म्हणून तुम्ही आम्हाला दहा मिनिटं आंधळं करता. सालं आणि कागद हे जीव खातात, खत करतात. तुमच्या पाठच्या दारातून त्याच खताची पोती रोपवाटिकेत जातात, आमचा माळी विकत घेतो. गांडुळं प्रामाणिक आहेत. ती गाठ खातो म्हणाली नव्हती."

पोस्टमास्तर गुडघा धरून खाली बसले. पण सगळेच काही शुद्धीवर आले नाहीत. दोघांनी पळणारी गांडुळं रुमालात बांधून भक्तिभावानं घरी नेली. बाबा तासाभरात गेले. जिथे गेले असतील तिथेही खण उघडत असतील.

दोघी जावा तडक रुग्णालयात गेल्या. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहिली. कागदच तो, दोन मिनिटांत लिहून झाला. गेलेले तीन आठवडे मात्र कुणाला लिहून देता येत नाहीत. धाकटी सुईच्या खोलीत गेली. थोरलीनं तिचा हात धरला होता. गाठ चांगली की वाईट, हे दोघींनाही माहीत नव्हतं. पण ते सांगू शकणारं माणूस आता तपासणार होतं.

वाचणाऱ्यांनो, सालं गांडुळांना द्या, उत्तम खत होतं. आजार डॉक्टरला दाखवा. आणि कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर नेमके तेव्हाच ते उघडे ठेवा.