साळूबाईच्या टाकीतले शैवाल

चार वर्षांपूर्वी हबीब सरांना एक पत्र आले. त्याला त्यांनी उत्तर दिले नाही. ते पत्र प्रयोगशाळेच्या फळीवर माझ्या चंबूशेजारी उभे ठेवलेले असायचे, म्हणून मला ते पाठ आहे. पण मित्रांनो, पत्राकडे येण्याआधी मी कोण ते सांगायला हवे.

मी एक जुनी शैवालपेशी आहे, समुद्राकाठच्या मिठागरातली. टाचणीच्या डोक्यावर माझ्यासारख्या हजारो मावतील. मला दोन शेपट्या आहेत आणि उजेड ओळखणारा एक तांबडा ठिपका आहे. त्यालाच मी डोळा म्हणते. माझे वय सांगता येणार नाही, कारण मी मोठी झाले की माझ्या दोघी होतात. मेली तीही मीच आणि उरली तीही मीच.

तीस वर्षांपूर्वी हबीब सरांनी मला एका परीक्षानळीतून छत्रपती संभाजीनगरात आणले. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. इथे समुद्र नाही, म्हणून ते मीठ तोलून, पाणी उकळून माझ्यासाठी दर महिन्याला नवा समुद्र तयार करत. निवृत्त झाल्यावरही ते या एका कामासाठी येत राहिले. माणसांशी बोलताना ते वाक्य अर्धेच सोडून देत. माझ्याशी मात्र पूर्ण बोलत.

माझे कौतुक व्हायचे, पण त्याची रीत क्रूर होती. प्रदर्शन जवळ आले की मला कडक उन्हात ठेवत आणि पाण्यातले मीठ वाढवत. अंग आतून करपू लागते. पुष्कळ जणी मरतात. उरतात त्या स्वतःला वाचवण्यासाठी अंगात नारिंगी रंग साठवतात, गाजरात असतो तसा. तुम्ही त्याला अँटिऑक्सिडंट म्हणता आणि औषधाच्या गोळीत घालता. आमच्यासाठी ते आगीत घातलेले चिलखत असते. मग गरगर फिरणाऱ्या यंत्रात आम्हाला पाण्यापासून वेगळे करतात. आमच्या अंगाला भिंत नसते, त्यामुळे आम्ही तिथेच फुटतो. पाहुणे बशीतली भुकटी बघून रंगाची तारीफ करत आणि चहा पिऊन जात.

पुढे बिडकीनजवळ कडूबा नावाच्या एकाने कोळंबीची पिल्ले वाढवायच्या टाक्या बांधल्या. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी लहानपणी मात्र खारट पाण्यातच जगते. तिच्या पिल्लांना खायला बारीक किडे लागतात आणि त्या किड्यांना खायला मी लागते. दर हंगामात सर मला कॅनमध्ये भरून कडूबाला देत. खाल्ले जाण्याचे मला वाईट वाटत नसे. माझ्या अंगातल्या रंगाने ती पिल्ले धट्टीकट्टी होत.

त्या टाक्या साळूबाई सांभाळायची. पिशोरची विधवा बाई, सहा वर्षे कडूबाकडे होती. तळहातावर पाणी घेऊन ती जिभेला लावायची आणि मीठ किती कमी ते सांगायची. कडूबा नंतर यंत्राने मोजायचा आणि हसायचा, कारण तिचेच खरे निघायचे. दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची.

आणि मग तो दिवस आला. कडूबाची जीप फाटकाशी उभी होती आणि तो सारखा हॉर्न वाजवत होता. सरांनी नेहमीप्रमाणे माझा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्या थेंबात मी होते. माझ्याशेजारी केसाळ अंगाचे दोन शिकारी जीव होते, माझ्या कित्येक पट मोठे. ते माझ्या बहिणींना सबंधच्या सबंध गिळत होते. सरांनी ते पाहिले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की भिंगावर धूळ असेल, आपले डोळे आता म्हातारे झाले, एवढ्या लांबून आलेल्या माणसाला रिकामे कसे पाठवायचे. हॉर्न पुन्हा वाजला आणि त्यांनी कॅन भरला.

टाकीत त्या दोन शिकाऱ्यांचे हजारो झाले. पाचव्या दिवशी हिरवे पाणी काचेसारखे स्वच्छ झाले होते, कारण आम्ही जवळजवळ संपलो होतो. किडे उपाशी मेले. मग पिल्ले एकमेकांवर तुटून पडली. जे दुबळे त्याचे आधी डोळे, मग पाय. बारा लाखांतली मूठभर उरली.

टाकीच्या भिंतीला चिकटलेल्या आम्ही थोड्या जणींनी पुढचे पाहिले. औषध टाकून शुद्ध केलेले पाणी साळूबाईने औषध उडून जायच्या आधीच टाकीत सोडले आणि त्याने पिल्ले मेली, असे कडूबाने ठरवून टाकले होते. ती नाही म्हणाली. त्याने कोपऱ्यातला पाइप उचलला. पहिला घाव पाठीवर बसला, दुसरा खांद्यावर. तिसरा अडवायला तिने हात वर केला आणि कोपर मोडल्याचा आवाज पाण्यातही ऐकू आला.

महिन्याभराने पत्र आले. "सर, मला लिहिता येत नाय, लेक लिहिती. हात वाकडा राहिला, त्याचं काय नाय. पण लोक म्हणतेत हिनं बारा लाख जीव मारले. मला बी आता तसंच वाटाय लागलंय. घास गिळत नाय. दोष पाण्यात हुता का माझ्या हातात, तेवढंच कळवा. साळूबाई, मु. पो. पिशोर."

सर उत्तर लिहायला बसत आणि 'नमस्कार'च्या पुढे कागद फाडत. चार वर्षे हेच चालले.

या हंगामात कडूबा पुन्हा आला. सोबत त्याची भाची अपेक्षा होती. आता टाक्या तीच बघणार होती. कडूबा खुर्चीत रेलून म्हणाला, "सर, मागं त्या बाईनं वाटोळं केलं. हिला सांगून ठेवलंय, तसलं काय झालं तर मामा भाची बघणार नाय."

"तोच पाइप दारामागं ठेवलाय यांनी," अपेक्षा म्हणाली. ती हसत नव्हती. "सर, नीट बघून द्या. काय मेलं तर माझ्यावर येईल."

सरांनी थेंब पाहिला. मी स्वच्छ होते. त्यांना गप्प राहता आले असते. त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि पहिल्यांदाच माणसांसमोर पूर्ण वाक्य बोलले. "कडूबा, त्या वेळी दोष माझ्या शैवालात होता. मला तो दिसला होता आणि मी बोललो नाही. साळूबाईनं काहीही केलेलं नव्हतं."

कडूबा खुर्चीतून उठला. मग त्याने लोखंडी स्टूल उचलले.

पहिल्या फटक्यात वरची फळी गेली, दुसऱ्यात मधली. तीस वर्षांचे चंबू फरशीवर फुटले. सर बाजूला झाले नाहीत. आडव्या धरलेल्या त्यांच्या उजव्या तळव्यात काच घुसली आणि हिरव्या पाण्यात रक्त मिसळले. कडूबा मारत राहिला, हात थकेपर्यंत. मग स्टूल टाकून तो तिथेच ओल्यात बसला.

"ओवाळायची हो ती मला," तो म्हणाला. "चार वर्षं तुम्ही गप बसला."

सर म्हणाले, "हो."

शिपायाने नळाच्या पाण्याने फरशी धुतली. गोड्या पाण्यात आम्ही फुगतो आणि फुटतो. तशा कोट्यवधी जणी मोरीपर्यंत फुटत गेलो. एक चंबू तेवढा अपेक्षाने पोटाशी धरून ठेवला होता. त्यातली मी तुमच्याशी बोलते आहे.

मित्रांनो, मला सांभाळायला फार काही लागत नाही. मीठ, उजेड आणि खरे बोलणारा एक माणूस. पाण्यात काही वाईट दिसले तर ते त्याच वेळी सांगा. तुमचा आवाज बारीक असला तरी चालेल. तुम्ही गप्प बसलात तर घाव दुसऱ्या कुणाच्या तरी कोपरावर बसतो.

उजवा हात बांधलेला होता, म्हणून सरांनी डाव्या हाताने लिहिले. अक्षरे लहान मुलासारखी वाकडी आली. "साळूबाई, दोष तुमच्या हातात नव्हता. तो माझ्याकडून आला होता, मला दिसलाही होता, आणि भीतीने मी बोललो नाही. कडूबाला सांगितले आहे. हे पत्र गावात हव्या त्या माणसाला दाखवा. माफी मागायला मी स्वतः येईन. तुम्ही दारात उभे केले नाही तरी येईन."

फळ्या मोडल्यामुळे सरांनी मला पिशवीत घालून घरी नेले. वाटेत ते टपालपेटीपाशी थांबले. पाकीट फटीत अर्धे गेले आणि त्यांचा हात तिथेच राहिला. मागून कुणीतरी म्हणाले, "चाचा, टाकताय का?" सरांनी बोटे सोडली.