थट्टेचं नातं

अकेनेता कामात कुठेच चुकली नव्हती. नळ्या साफ केल्या, औषधं बदलली, बेशुद्ध म्हातारीचे ओठ ओले केले. फक्त सकाळपासून ती तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आणि ही म्हणे फिजीतल्या सुवा शहराच्या आयसीयूतली जुनी नर्स! इथे पेशंट बेशुद्ध असला तरी त्याला सांगितल्याशिवाय कुणी हात लावत नाही. ही सवय इतकी अंगात मुरलेली, की घरी झोपलेल्या नवऱ्यालाही ती 'आता कुशीवर वळवते हं' म्हणायची आणि तो बिचारा दचकून उठायचा.

पण काल ह्याच खाटेवर सेमी गेला. कोवळा पोरगा. तीन आठवडे ती त्याला रग्बीचे निकाल सांगत होती. त्यानं एकदाही पापणी हलवली नाही. मग इतके दिवस आपण बोलत होतो ते कुणाशी, भिंतीशी? ड्यूटी संपली की मोठ्या सिस्टरला सांगायचं, मला दुसऱ्या वॉर्डात टाका. तिचं ठरलं होतं.

म्हातारीला कुशीवर वळवायला दोघं लागतात, म्हणून वॉर्डातला पेनाया आला. तो किनाऱ्याचा, ही डोंगरातली. दोघांची गावं एकमेकांची तौवू, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची खेचायचा हक्क असलेली. हक्क कसला, कर्तव्यच. हाकही 'तौ' अशीच मारायची. मयताच्या घरीसुद्धा तौवू येऊन चावटपणा करतो आणि घरच्यांनी उलट टोला हाणायचा असतो.

"काय तौ, डालोचा कंद घशात अडकला का? तोंड उघडत नाहीस ते?"

तिनं उशी झटकली.

"कालपासून माझे सगळे टोले फुकट चाललेत. डोंगर हरला म्हणून कळवू तुमच्या गावाला?"

ती चादरीची सुरकुती काढत राहिली. मग पेनाया म्हातारीच्या कानाशी वाकला. "बूबू, आजी, सांभाळून हं. तुमची ही नर्स मासा बघितला तरी झाडावर चढते."

"त्याचं ऐकू नका, बूबू!" अकेनेताच्या तोंडून निसटलंच. "ह्याच्या गावात पाहुण्याच्या ताटातला मासा पळवतात. आणि आता घाबरू नका, मी तुम्हाला डाव्या कुशीवर घेतेय. माझा हात जरा गार आहे."

म्हातारी हलली नाही. दोघांनी तिला वळवलं, पाठीशी उशी लावली. अकेनेताला हलकं वाटलं, आणि त्याची थोडी लाजही वाटली. ती पेनायाच्या टोल्याची वाट बघत राहिली. टोला आलाच नाही.

तिनं वर पाहिलं. तो खाटेचा कठडा धरून भरल्या डोळ्यांनी उशीकडे बघत होता. सेमीची दाढी रोज हाच करायचा, हे तिला आत्ता आठवलं. कालपासून हा आपली खेचतोय, पण ह्याची कुणी खेचली? तिला स्वतःचा राग आला. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तौवूला असं टोल्याशिवाय सोडून कसं चालेल?

"काय रे तौ," आवाज फाटला तरी ती म्हणाली, "तुमच्या समुद्रात पाणी कमी पडलं, म्हणून इथे भर घालतोयस?"

पेनाया हसला, आणि हसता हसता तोंड झाकून रडला.

"बूबू, हा रडतोय, तुम्ही लक्ष देऊ नका," अकेनेता म्हातारीच्या कानाशी म्हणाली. "ह्याची आणखी एक गंमत आहे. ती उद्या सकाळी सांगते, इथे ड्यूटीला मीच आहे."