कचरापेटीतली पत्रं

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीत सतरा वर्षं मी कॉम्प्युटर सांभाळतोय आणि माझी थोरली बहीण, आमची ताई, तिथेच ऑर्डरी घेते. माझ्याखेरीज ऑफिसात बेचाळीस माणसं. त्यातली एकेचाळीस मला टरकून असतात. ताईनं मात्र माझा राग कधी मनावर घेतलेला नाही.

तर आमचा मेल सर्व्हर म्हातारा झाला होता. म्हणजे सगळ्यांचे ईमेल जिथून येतात-जातात आणि जिथे साठतात, ते मशीन. जिन्याखालच्या खोलीत दिवसभर कण्हत बसायचं. शेवटी नवीन मशीन आलं आणि शनिवारी सकाळी मी सगळ्यांचे मेल त्यात हलवायला घेतले. त्याआधी एक शहाणपणा केला, बेचाळीसही जणांच्या कचरापेट्या रिकाम्या केल्या. टाकून दिलेले मेल कशाला वाहून न्यायचे? दुपारी दोनला सगळं जागच्या जागी. जुनं मशीन भंगारवाल्याच्या ताब्यात दिलं आणि वर दम भरला, "आतली डिस्क हातोड्यानं फोड. एक अक्षर कुणाला वाचता येता कामा नये." मग स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तीनला ताई आली.

"अरे, माझी कचरापेटी रिकामी दिसतेय."

"दिसणारच. कचरा होता तो."

"त्यात बाबांची पत्रं होती."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. रिटायर झाल्यावर ते हौसेनं कॉम्प्युटर शिकले होते आणि दुपारी तीनला ताईला ऑफिसात रोज एक मेल धाडायचे, एवढं मलाही ठाऊक होतं.

"कचरापेटीत?" मी उखडलोच. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? जपायच्या गोष्टी कुणी कचऱ्यात ठेवतं?"

"तूच नोटीस लावली होतीस ना? इनबॉक्समध्ये शंभराच्या वर मेल दिसले तर मी स्वतः उडवीन. लाल अक्षरात! तेव्हापासून आम्ही सगळेच ठेवायचे मेल तिकडे सरकवतो. एक बटण दाबलं की झालं."

"सगळेच?"

"सगळेच. पण तुला सांगणार कोण?"

बॅकअप होता, पण त्यात कचरापेटी घ्यायची नाही हा नियमही माझाच. ताई टेबलावरच्या पेन्सिली उगाच सारख्या करत राहिली. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

एकच आशा होती. रिकाम्या केलेल्या पेटीतले मेल जुन्या मशीनच्या डिस्कवर आणखी आठवडाभर पडून राहतात. डिस्क शाबूत असेल तर. भंगारवाल्याला फोन लावला. उचलेना. मग काय, धावलो! पोट सुटलेला माणूस दोन गल्ल्या धावला की काय होतं ते विचारू नका. पोचलो तेव्हा मशीनचं झाकण उघडं, डिस्क फरशीवर आणि त्याच्या हातात हातोडा.

"थांब! फोडू नको!"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना फोड म्हणून?"

"मी काहीही म्हणतो रे!"

डिस्क पोटाशी धरून परत आलो. मशीनही आणवलं, डिस्क बसवली, बटण दाबलं. ते कण्हलं आणि माझ्या जिवात जीव आला. पाचच्या आत बेचाळीस कचरापेट्या नव्या मशीनवर. ताईची उघडली, नीट आलंय की नाही एवढंच बघायला. दुसऱ्याचे मेल मी वाचत नाही. पण विषयाच्या ओळी दिसतातच.

"फोटो कसा जोडायचा? धाकट्याला विचारू नकोस."

"माउस हलत नाही. धाकट्याला कळू देऊ नकोस, चिडेल."

"अक्षरं एकदम बारीक झाली. तू सावकाश सांगतेस म्हणून तुला विचारतो."

चार वर्षं, रोज असंच. आणि त्यांचा कॉम्प्युटरवाला मुलगा त्याच घरात, पलीकडच्या खोलीत राहत होता. मला त्यांनी फक्त एकदा विचारलं होतं, अगदी सुरुवातीला. तेव्हा मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. इथे लिहिवत नाही.

ताई मागे येऊन उभी होती.

"तू कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"बाबा नको म्हणाले होते ना." तिनं माझ्या डोक्यावर हलकीशी टपली मारली आणि डोळे पुसत पेटी खालपर्यंत चाळत बसली. पत्रं सगळी होती.

तेवढ्यात गोदाम सांभाळणारे काका दारातून डोकावले. वय बाबांएवढंच.

"साहेब, कामात असाल तर राहू दे. माझा जरा तो माउस..."

"या काका, बसा," मी म्हटलं. "मला वेळ आहे."

काका दारातच थांबले आणि त्यांनी ताईकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मी टोमणा मारतोय.