तेलगुरूचा एक थेंब

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पांढऱ्या कोटातला तेलगुरू सूक्ष्मदर्शकावर वाकला होता आणि मागच्या पडद्यावर गोल गोल पेशी दिसत होत्या. "या कॅन्सरच्या पेशी! आता बघा!" त्याने बाटलीतल्या तेलाचा थेंब सोडला. बघता बघता पेशी फुटून नाहीशा झाल्या. टाळ्यांनी छत दणाणलं.

"या तेलातल्या चरबीतली दिव्य द्रव्यं अंगातल्या सैनिकांना जागं करतात! पेपरातही छापून आलंय!" तेलगुरू गरजला.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. पेपरात आलं होतं ते तिच्याच प्रयोगशाळेचं काम. शेजारी तिची थोरली बहीण, ताई, बसली होती. तिच्या पोटात गाठ होती आणि मांडीवर तेलाची बाटली. सोमवारी ऑपरेशन, आणि ही बया म्हणे, ते रद्द करून तेलच पिणार.

"अगं ताई, किती वेळा सांगू? गाठच चरबीपासून बनलेले रेणू निरोपासारखे सोडते. तिला मारायला आलेल्या पेशी त्या रेणूंनी सुस्त होतात. तो निरोप अडवता येतो का, हे आम्ही उंदरांवर तपासतोय. त्याचा हे तेल पिण्याशी काय संबंध?"

"तू नेहमी 'बघू' म्हणतेस," ताई म्हणाली. "तो 'बरी होशील' म्हणतो."

धाकटी तरातरा मंचावर चढली. "माझ्या रक्तावर टाका थेंब."

"बाई, तेल फक्त दुष्ट पेशींना मारतं."

"मग माझ्या पेशींना धक्काही लागायचा नाही. घाबरता कशाला?"

तिने बोटाला सुई टोचली, रक्त मिठाच्या पाण्यात मिसळून काचेवर ठेवलं. पडद्यावर लाल पेशी दिसल्या. थेंब पडला आणि सगळ्या गायब!

"अरेरे, हिलाही कॅन्सर आहे!" मागून कोणीतरी ओरडलं. तेलगुरूने लगेच हात जोडले, "वेळेवर आलात, बाई."

धाकटीला डोकं आपटावंसं वाटलं. तिने बाटलीतलं तेल पेलाभर पाण्यात ओतलं आणि खळखळून हलवलं. पांढराशुभ्र फेस वर आला. "तेल पाण्यावर तरंगतं. फेस कसला येतोय? साबण आहे यात! साबण पेशीचं आवरण फोडतो, मग ती शत्रूची असो की सैनिकाची. आता तुमचं रक्त द्या, गुरुजी!"

तेलगुरूने हात कोटाच्या खिशात घातले आणि म्हणाला, "अविश्वासाने औषध बिघडलं." झालं! लोकांनी माना डोलावल्या आणि बाटल्यांसाठी पुन्हा रांग लावली. त्या रांगेत ताईही होती.

ताईचा नंबर आला. तिने आपली बाटली टेबलावर ठेवली. "आधी तुमच्या रक्तावर टाकून दाखवा. मग पिते."

"ताई, श्रद्धा..."

"माझा जीव पणाला लागलाय. दाखवा!"

मागच्या बाईनेही हातातली बाटली खाली ठेवली. "हो, दाखवा की!" मग तिच्या मागच्यानेही तेच म्हटलं. तेलगुरू मागच्या दाराने सटकला.

चमत्कार पाहिलात, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच म्हणा: निरोगी माणसावर करून दाखवा, स्वतःवर करून दाखवा.

बाहेर पडताना ताईने विचारलं, "सोमवारी मी बरी होईन का गं?"

"ठाऊक नाही, ताई. पण मी तिथे असेन."

"बघू," ताई म्हणाली आणि तिचा हात घट्ट धरला.