महाराजांच्या तोंडातलं पान

महाराज बैठकीवर बसल्याबसल्याच वारले, आणि त्यांच्या ओठांतून पानाचं टोक डोकावत होतं. तेवढ्यावरून रंतीचा निकाल लागला. जावाच्या त्या राजवाड्यात पंचवीस वर्षं त्यांना पान लावून देणारी तीच. वैद्याने लांबूनच निळी नखं पाहिली आणि ‘विष’ म्हणून मोकळा झाला. लांबूनच, कारण राजाच्या मस्तकाला, मुखाला रक्ताच्या माणसाखेरीज कुणी हात लावायचा नाही. लावला तर मरण.

मरण तसंही रंतीच्या मानगुटीवर बसलं होतं. शिपाई कट्यार घेऊन मागेच उभा होता. दिवस मावळायच्या आत काम उरकायचं होतं.

“म्हातारे, कबूल कर, सुटशील,” राजकन्या सेकार म्हणाली. तिला सगळे ‘गुस्ती’, म्हणजे धनीण, म्हणत.

“कशातून सुटेन, गुस्ती? जिवातूनच ना? पंचवीस वर्षं महाराजांनी माझ्या हातचं खाल्लं, तेव्हा नाही मेले. उद्या ते धाकट्या राणीच्या लेकाला गादी देणार होते, तर आजच मेले!”

दरबार चपापला. वृद्ध महामंत्री विरागा खाली बघत राहिले. या लोकांना खाली बघायला बरं जमतं.

रंती मात्र महाराजांकडे बघत होती. पान चघळायला लागले की त्यांची हनुवटी रंगायची, मग ती रुमाल पुढे करायची. आज हनुवटी कोरडी होती आणि पिकदाणीही कोरडी.

“हे पान चघळलेलंच नाही!” ती ओरडली. “मेल्यावर कोंबलंय कुणीतरी! तोंड उघडून बघा. आत लाल दिसलं तर खुशाल मारा मला.”

पण बघणार कोण? मंडपात रक्ताचं माणूस एकच होतं. रंतीने तिलाच हात जोडले. “गुस्ती, तुम्ही त्यांची लेक. तुम्हीच बघा ना.”

सेकार पुढे झाली, वडिलांच्या ओठांत दोन बोटं घातली आणि वाकून पाहिलं.

“लाल आहे. लालभडक,” ती वळून म्हणाली. “न्या हिला.”

शिपायाने रंतीचे केस धरले. लेकच खोटं बोलते म्हटल्यावर दाद कुणाकडे मागायची? तेवढ्यात तिची नजर त्या दोन बोटांवर गेली.

“मग बोटं कशी रंगली नाहीत, गुस्ती?”

सेकारने हात झटकन वस्त्राआड नेला. विरागांनी आता मान वर केली.

“हात दाखवा, गुस्ती,” ते म्हणाले. “आणि विष पानात नसेल, तर महाराजांच्या दुपारच्या ताडीत असणार. ती तुम्हीच आणली होती ना, गादी हातची जाणार म्हणून?”

राजकन्येने मूठ आवळली ती सोडलीच नाही. शिपायाने रंतीचे केस सोडले.

जीव वाचला, पण रंतीला रडूच कोसळलं. त्या बोटांना पान लावायला तिनेच शिकवलं होतं.